अनुसयाबाईंची खाट

२३ सप्टेंबर, सोमवार

सालेकशाच्या आसरा वृद्धाश्रमात नोकरीला लागून आज तीन महिने झाले. माझं पद समाजसेविकेचं. बाबा गावात सांगतात, "पोरगी सालेकशाले बुढ्याबुढींच्या शाळेत मास्तरीण आहे." दोनदा दुरुस्त केलं, आता सोडून दिलं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिलीच. बाबांच्या लेखी शिकलेली बाई म्हणजे मास्तरीण, त्यापुढे त्यांची कल्पना जात नाही.

आज बातमी कळली. नागपूरची काही मंडळी टीव्हीसाठी मालिका काढताहेत, 'हसरा मुक्काम'. वृद्धाश्रमावरची आहे, हसवणारी आणि थोडी रडवणारी. तिचं आठ दिवसांचं शूटिंग आमच्याकडे होणार. व्यवस्थापक इंद्रकुमार सरांनी जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. बकाराम बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आमच्यावर हसायचं असन तर टीव्ही कायले पायजे? सकाळी आंघोळीच्या टायमाले या म्हना."

बकाराम बाबा रेल्वेत गँगमन होते, दरेकशाच्या बोगद्याजवळ तीस वर्षं रूळ तपासले. माणसांचं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येतं. गाडी मात्र दोन किलोमीटरवरून ओळखतात.

"तुमाले तर साबन दिसला का ताप येते," अनुसयाबाई त्यांना म्हणाल्या.

"घ्या, सरपंचीन बोलली."

सगळे हसले. मला वाटलं, मालिका इथे रोजच चालू असते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दिग्दर्शक हेमेंद्र सर आले. त्यांना एका छोट्या भूमिकेसाठी खरीखुरी आजी हवी होती. शेवटच्या भागात मुलगा आईला घरी न्यायला येतो, ती आजी. आश्रमभर फिरून त्यांनी अनुसयाबाईंना निवडलं.

त्या तेव्हा स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. एकोणीस माणसांचे तांदूळ त्या रोज एकट्या निवडतात. सूप त्यांचं स्वतःचं, येताना घरून आणलेलं. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. आमच्या स्वयंपाकीण शामकलाबाईसुद्धा आधी विचारतात.

अनुसयाबाई इथे अडीच वर्षांपासून आहेत. मुलगा गजेंद्र आमगावकडे असतो. सहा एकर धान आहे, शिवाय खताबियाण्यांचं दुकान. गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर तो आलेला नाही. अनुसयाबाईंची खाट पूर्वेच्या खिडकीजवळ आहे. दुपारी त्या तासन्‌तास रस्त्याकडे बघत बसतात. मी काही बोलत नाही, पण त्या कुणाची वाट पाहतात हे कळायला शिक्षण लागत नाही.

मी मनाशी ठरवलं आहे. माझ्या हातून एक तरी माणूस इथून आपल्या घरी गेलं पाहिजे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो प्रसंग झाला. सतरा टेक! पोट दुखेपर्यंत हसलो आणि मग रडलोही.

मुलाचं काम करणारे प्रफुल सर पुण्याचे. ते येऊन म्हणणार, "आई, चल." त्यावर आजीने डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, "बाळा, मला ठाऊक होतं, तू येशील."

अनुसयाबाईंनी विचारलं, "बाळा काऊन म्हनू? एवढी दाढी आहे त्याले."

हेमेंद्र सर म्हणाले, "आजी, आईला मुलगा बाळच."

"आईले वाटते. तोंडानं कोन म्हनते?"

कॅमेरा सुरू झाला. प्रफुल सर म्हणाले, "आई, चल." अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवला का रे?"

कट. पुन्हा. "जेवला का रे?" कट. त्यांना वाक्य पाठ होतं, विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायच्या. पण तो माणूस दारात उभा राहिला की तोंडून तेच बाहेर पडायचं. दहाव्या टेकपर्यंत आमचे सगळे म्हातारे बाकावर बसून, कॅमेऱ्याआधीच, एका सुरात "जेवला का रे?" म्हणायला लागले. हेमेंद्र सरांनी त्यांना बाहेर काढलं, तर ते खिडकीत येऊन उभे राहिले.

सतराव्या टेकला अडीच वाजले होते आणि कुणीच जेवलेलं नव्हतं. अनुसयाबाईंनी विचारलं, "जेवला का रे?" प्रफुल सर आपलं वाक्य विसरले आणि खरं बोलून गेले, "नाही."

"मंग उभा काऊन आहेस? चाल."

त्यांनी प्रफुल सरांचा हात धरला आणि सरळ कॅमेऱ्याच्या बाहेर स्वयंपाकघरात नेलं. पाटावर बसवून भात वाढला. कट म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. हेमेंद्र सर चष्मा पुसत म्हणाले, "हेच ठेवू या."

मग निघण्याचा शॉट. हातातली पिशवी भरलेली दिसावी म्हणून शूटिंगवाल्यांनी तिच्यात वर्तमानपत्रं कोंबली होती. अनुसयाबाईंनी ती उचलून पाहिली. "इतकी हलकी पिशवी घेऊन कोनती बाई घर सोडते?" फाटकाशी पोचल्यावर एकदा वळून बघायचं होतं. त्या वळल्या आणि बघतच राहिल्या. शॉट संपला तरी हलेनात. मी जाऊन खांद्याला हात लावला. डोळे भरलेले होते.

त्यांना आपला मुलगा आठवला असणार. मला फार वाईट वाटलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मी गजेंद्रना फोन केला. नंबर फाइलमध्ये होता. सांगितलं, तुमच्या आई टीव्हीवर दिसणार आहेत, डिसेंबरात.

त्यांनी विचारलं, "टीव्हीवर? आश्रमातली बाई म्हनून?"

"हो. किती सुंदर काम केलंय त्यांनी!"

"मॅडम, आमच्या गावात मी सांगतलं आहे का आई रायपूरले आमच्या बहिनीकडे आहे."

मला राग आला, पण कॉलेजात शिकवलेलं आठवलं, कुटुंबाला दोष द्यायचा नाही, मार्ग दाखवायचा. मी शांतपणे म्हटलं, "मग त्याआधी तुम्ही त्यांना घरी न्या ना. कुणी विचारलं तर मान वर करून सांगाल, आई घरीच आहे. त्यांचा जीव तिकडेच लागलाय." ते म्हणाले, बघतो.

संध्याकाळी हे बाबांना फोनवर सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या बुढीले पुसलं का?"

मी म्हटलं, "बाबा, आईला घरी जायचं का हे काय विचारायचं?"

"नाई, आपलं म्हनलं."

बाबांनी जन्मभर तेंदूपत्ता गोळा केला, दुसऱ्याचं धान कापलं. संस्थेचं काम कसं चालतं ते त्यांना कुठून कळणार?

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस!

सकाळी अकराला फाटकाशी गाडी थांबली. गजेंद्रच! त्यांच्या गावची मंडई शुक्रवारी आहे. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. ज्या गावची मंडई, त्या गावच्या घराघरात पाहुणे, लेकीजावई, व्याही, सगळे. पाहुणा आला की आधी घरातल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडतो. गजेंद्र इंद्रकुमार सरांना म्हणाले, "दोन वर्सं रायपूरचं सांगून भागलं. औंदा सगळे पुसून राहिले."

अनुसयाबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. गजेंद्र म्हणाले, "आई, चाल."

मी श्वास रोखून धरला. अगदी तोच प्रसंग, फक्त खरा.

त्यांनी विचारलं, "जेवला का रे?"

"जेवून निघालो. टाइम नाई. चाल."

त्यांनी मुठीतले तांदूळ सुपात सोडले. मग माझ्याकडे वळल्या. "तू फोन केला होता का व?"

मी म्हटलं, "हो आजी, मीच."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "शिकली पोरगी," म्हणाल्या. एवढंच. मला किती बरं वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पिशवी मी आणि शामकलाबाईंनी भरली. तीन लुगडी, एक स्वेटर, तेलाची बाटली. सूप त्यांनी घेतलं नाही. शामकलाबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "याले उंदरापासून जप. आन माई खाट झाकून ठेव. मंडईचे पाहुने गेले का मी येतो."

सगळे हसले. मीही हसले. मुलाच्या घरी निघाल्या तरी ठसका तोच! फाटकाशी त्या वळल्या, पण या वेळी लगेच गाडीत बसल्या. बकाराम बाबा बाहेर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

फॉर्म भरला. 'आश्रम सोडण्याचे कारण' या रकान्यात इथे नेहमी एकच शब्द असतो. मी जुनी फाइल चाळली, खालपर्यंत 'मृत्यू', 'मृत्यू'. आज मी लिहिलं, 'कुटुंबात पुनर्वसन'. सरांनी सही करताना विचारलं, "पक्कं ना? खाट रिकामी ठेवता येत नाही. यादीत सहा नावं आहेत."

मी म्हटलं, "पक्कं सर."

यादीतलं पहिलं नाव रुख्माबाईंचं होतं. त्यांना पत्र पाठवलं. सूप शामकलाबाईंनी खिळ्याला टांगलं. तांदूळ आता ताटात निवडतात. आज भातात दोन खडे लागले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अनुसयाबाईंचा फोन आला! नात टीनाच्या मोबाइलवरून केला होता. मी विचारलं, मंडई कशी झाली?

"झाली. बावीस पाहुने होते. पाया पडून पडून लोकायनं माया पायाचं कातडं काढलं."

मी खूप हसले. मग त्यांनी विचारलं, "माई खाट रिकामी आहे का व?"

मी म्हटलं, "आजी, आता खाटेची काळजी सोडा. तिथे सोमवारी रुख्माबाई आल्या. तुम्ही आपल्या घरात निवांत राहा."

त्या म्हणाल्या, "बरं झालं. कशी आहे बुढी?"

"चांगल्या आहेत. थोडं कमी दिसतं."

"तिले सांग, त्या खिडकीची कडी ढिली आहे. थंडी सुटली का फटीत चिंधी कोंबावं लागते."

"सांगते."

"तू जेवली का?"

"हो," म्हटलं. जेवले नव्हते, सरांना अहवाल द्यायचा होता. "बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

स्वतःच्या घरी जाऊनही इथल्या खिडकीची काळजी. किती मोठं मन! अहवालात ही गोष्ट घालणार आहे.

२ डिसेंबर, सोमवार

गजेंद्रचा फोन आला. आईच्या आधार कार्डाची प्रत आश्रमाच्या फाइलमध्ये आहे का, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायची आहे.

मी हो म्हटलं. कपाट उघडलं, प्रत काढली, फोटो काढून पाठवला. मग खाली बसले.

शनिवारी पहाटे. तीन दिवस ताप होता.

४ डिसेंबर, बुधवार

मी आणि शामकलाबाई जाऊन आलो.

घर मोठं आहे, समोर सपरी, म्हणजे उघडी पडवी. अनुसयाबाईंची खाट सपरीत होती. मंडईला घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून बाहेर घातली. त्या आश्रमात राहायला आल्यापासून त्यांच्या खोलीत दुकानाचा माल असतो, छतापर्यंत खताच्या गोण्या. गजेंद्र म्हणाले, "म्हनलं, गहू पेरनी झाली का माल निंघन, मंग आत घेऊ." सपरीला दोन बाजूंनी भिंत नाही. नोव्हेंबरची ही थंडी.

ते वाईट नाहीत. तसे असते तर मला सोपं गेलं असतं. वहिनींनी चहा दिला, आमच्यासाठी पाट मांडले. डॉक्टर घरी आणला होता, औषधाची बाटली अजून कोनाड्यात आहे. गजेंद्र मुंडन केलेलं डोकं खाली घालून म्हणाले, "मॅडम, मी आनलं ना तिले. तुमीच म्हनलं होतं." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "तिनं तोंडानं कायीच मागतलं नाई. आत झोपतो म्हनली असती तर मी गोन्या फेकून देल्या असत्या."

वहिनी म्हणाल्या, "कायी करू देलं नाई तर गप्प बसत. म्या म्हनलं, आता तुमी कायले काम करता, आराम करा. गिरनीतून तांदूर निवडूनच येतेत. रोज पुसत, आज कोनता वार."

खाटेखाली पिशवी होती. मी भरलेली. वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडं कोनाले कामी पडत असन तर न्या. मी उघडली. तीन लुगड्यांपैकी दोन मी घातलेल्या घडीतच होती. तेलाच्या बाटलीभोवती मी बांधलेला दोरा तसाच. पंचवीस दिवसांत त्यांनी पिशवी उपसली नव्हती.

परतीच्या गाडीत शामकलाबाई एकदाच बोलल्या. "तिनं सांगतलं होतं, बाई. खाट झाकून ठेव म्हनून. सगळ्याइच्या समोर सांगतलं होतं."

५ डिसेंबर, गुरुवार

बाबांना फोन केला. मला वाटलं, ते आता विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. नुसते फोन धरून बसले. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

७ डिसेंबर, शनिवार

बकाराम बाबा तिसऱ्या दिवशीही जेवायला आले नाहीत. ताट घेऊन मी खोलीत गेले. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही, हेच खूप.

मी म्हटलं, "बाबा, त्या खिडकीत बसून मुलाची वाट बघायच्या ना? म्हणून मी..."

दोनदा सांगावं लागलं, तेव्हा ऐकू आलं.

"मुलाची? समोरच्या घरच्या लाखेरची बकरी आहे ना, ढवळी. आपल्या वांग्याच्या वाफ्यात घुसते. तिच्यावर पहारा होता सरपंचीनचा. बकरी दिसली का मले हाका मारे, आन मी काठी घेऊन पळो. तीनच्या मालगाडीनंतर यायची ती बकरी." मग म्हणाले, "वर्सभर वाट पायली असन पोराची. मंग सोडून देल्ली. मले म्हने, आता इथं बरं हाय. तिकडं मी कोनाच्या कामी नाई, इथं माया बिगर एकोनीस मान्सं खडे खातेत."

मी खिडकीतून वांग्यांच्या वाफ्याकडे पाहिलं. शेंडे खाल्लेले होते.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, लाभार्थ्याचं ऐकून घ्या. परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाच्या उत्तरात मी दोन पानं लिहिली होती. दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

११ डिसेंबर, बुधवार

सरांना राजीनामा दिला. त्यांनी वाचून खणात ठेवला. म्हणाले, "मालिका बघून घे आधी. मग बोलू." रुख्माबाईंच्या खिडकीच्या फटीत मी अनुसयाबाईंच्या लुगड्याची चिंधी कोंबली. मला जास्त काही सुचलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज तो भाग लागला. संध्याकाळी सात वाजता. सगळे हॉलमध्ये बसले. बकाराम बाबाही आले. पुढची एक खुर्ची कुणी न सांगता रिकामी ठेवली होती.

आमची पायरी दिसली. सूप दिसलं. मग त्या. टीव्हीवर त्यांचा चेहरा फार मोठा दिसत होता. शामकलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

प्रफुल सर दारात आले. "आई, चल."

अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं, वर पाहिलं, त्यांचे ओठ हलले आणि आवाज आला, "बाळा, मला ठाऊक होतं, तू येशील."

तो आवाज त्यांचा नव्हता. कुणी तरी दुसरी बाई, गोड, स्वच्छ बोलणारी. मागून बासरी. ओठ एक म्हणत होते आणि आवाज दुसरंच. स्वयंपाकघरात नेलेलं, भात वाढलेला, काहीच नव्हतं. त्याच क्षणाचे तुकडे परत परत दाखवत होते, त्यांचा चेहरा, प्रफुल सरांचा, पुन्हा त्यांचा.

हॉलमध्ये गडबड झाली. "हे कोन बोलून राहिलं?" "हा तिचा आवाज नोहे!" "बंद करा जी!"

बकाराम बाबांना तो आवाज ऐकू आलाच नसणार. त्यांनी नुसते ओठ पाहिले होते. ते उठले, टीव्हीजवळ गेले आणि बटण दाबून आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर पुन्हा अनुसयाबाईंचा चेहरा आला. ओठ हलले.

बकाराम बाबा मोठ्यानं म्हणाले, "जेवला का रे?"

आणि मग सगळे. सतरा टेक ऐकलेली माणसं होती ती. कुणाची कवळी निघालेली, कुणाचा आवाज फाटका. "जेवला का रे?" रुख्माबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्याही बोलल्या.

पडद्यावरचा मुलगा गप्पच होता. बकाराम बाबा टीव्हीकडून वळले आणि माझ्याकडे बघू लागले. हळूहळू सगळेच बघू लागले. कुणाच्या नजरेत राग नव्हता. त्यांनी विचारलेलं होतं आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

मी म्हटलं, "नाही."

शामकलाबाई उठल्या. "मंग उभी काऊन आहेस?" म्हणाल्या आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. खिळ्यावर सूप होतं. त्यांनी पाट ठेवला, ताट घेतलं, भात वाढला. पहिल्याच घासात खडा लागला. मी तो काढला नाही.